बयान्याचा हंडा

दिल्लीहून मुंबईकडे जाणारी गाडी मथुरा सोडल्यावर मुख्य मार्गावरून किंचित पश्चिमेला वळते आणि भरतपूर मागे टाकून बयाना नावाच्या जंक्शनवरून कोट्याच्या दिशेने निघते. नोकरीनिमित्त दिल्लीत स्थिरावलेल्या आम्हा मराठी मंडळींनी हा प्रवास किती वेळा केला असेल याची गणतीच नाही. भरतपूर आले की गाडीतील एखादा इतिहासप्रेमी गृहस्थ पानिपतानंतर जिवानिशी परतणाऱ्या मराठ्यांना सूरजमल जाटाने दिलेल्या आश्रयाची आठवण हमखास काढतो. बयाना मात्र डोळ्यांदेखत येते आणि जाते. वेगवान गाड्या तेथे थांबतही नाहीत. मीही अनेक वर्षे या स्थानकाकडे केवळ एक नाव म्हणूनच पाहत होतो.

वास्तविक हे गाव जुने आहे. जवळच्या विजयगडावर विक्रम संवत ४२८, म्हणजे इसवी सन ३७१-७२ च्या सुमाराचा एक यज्ञस्तंभ आहे. विष्णुवर्धन नावाच्या स्थानिक राजाने तो उभारला. मोगल काळात बयान्याची नीळ युरोपच्या बाजारपेठांपर्यंत पोहोचली होती. बाबर आणि राणा संगा यांचे १५२७ सालचे युद्ध जेथे झाले, ते खानवाही येथून दूर नाही. परंतु आज मला लिहावयाचे आहे ते या परिसरात जमिनीखाली सुमारे पंधराशे वर्षे निजून राहिलेल्या एका तांब्याच्या हंड्याविषयी, आणि त्या निमित्ताने माझ्या स्वतःच्या एका चुकीविषयी.

फेब्रुवारी १९४६. भरतपूर तेव्हा संस्थान होते. महाराजा ब्रिजेंद्रसिंह यांच्या शिकारीचा ताफा बयान्यापासून काही मैलांवरील हुल्लनपुरा गावाच्या शिवारात येऊन गेला. शिकार आटोपून मंडळी परतली आणि गावातली मुले, मुलांच्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे, रिकामी काडतुसे वेचण्यासाठी रानात शिरली. काडतुसांच्या पितळेला चार पैसे मिळत असावेत. वेचता वेचता मुलांना मातीतून डोकावणारे तांब्याचे भांडे दिसले. भांडे सोन्याच्या नाण्यांनी भरलेले होते.

पुढे काय झाले असेल, हे सांगावयास कोणा इतिहासकाराची गरज नाही. बातमी गावभर झाली. नाणी घराघरांत वाटली गेली. दरबारास वार्ता लागेपर्यंत काही नाणी सोनाराच्या मुशीत जाऊन त्यांचे पाणी झाले होते. हंड्यात मुळात सुमारे २१०० नाणी असावीत असा अंदाज आहे. संस्थानच्या अधिकाऱ्यांनी शोध घेऊन त्यांतील १८२१ परत मिळविली. पावणेतीनशेच्या आसपास कायमची गेली. तरीही सुवर्णनाण्यांचा एवढा मोठा गुप्तकालीन संचय त्यापूर्वी भारतात हाती लागलेला नव्हता.

महाराजांनी या नाण्यांच्या अभ्यासाचे काम डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांच्याकडे सोपविले. कोल्हापूरजवळच्या म्हाकवे गावी १८९८ साली जन्मलेले अळतेकर हे आपल्यासारखेच ‘बाहेरगावचे’ मराठी गृहस्थ. त्यांची कारकीर्द घडली ती काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात आणि नंतर पाटण्यात. पाटण्याजवळच्या कुम्राहारचे आणि वैशालीचे उत्खनन त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे. बयान्याच्या संचयाची त्यांनी तयार केलेली सूची १९५४ साली भारतीय नाणकशास्त्र परिषदेने मुंबईहून प्रसिद्ध केली. नाणी सापडणे आणि सूची छापून होणे या आठ वर्षांत देश स्वतंत्र झाला, भरतपूर प्रथम मत्स्य संघात आणि मग राजस्थानात विलीन झाले. राज्ये बुडत आणि घडत असताना १८२१ नाण्यांची मोजदाद, वजने, छायाचित्रे आणि वर्णने सांभाळली गेली, ही गोष्ट मला एखाद्या लढाईतील विजयाहून कमी वाटत नाही.

सूचीतील आकडे पाहण्यासारखे आहेत. पहिल्या चंद्रगुप्ताची १० नाणी, समुद्रगुप्ताची १८३, काच नाव असलेली १६, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, पहिल्या कुमारगुप्ताची ६२८ आणि ‘क्रमादित्य’ अशी अक्षरे असलेले अवघे १. बेरीज १८२१. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला बेरीज जुळली की समाधान वाटते; पण येथे समाधानापेक्षा अस्वस्थताच अधिक वाटली. त्याचे कारण ते शेवटचे एक नाणे.

पुरलेल्या धनाचा काळ ठरविण्याची रीत सोपी आहे. हंड्यातील सर्वांत उशिराचे नाणे ज्या राजाचे, त्याच्या आधी तो हंडा पुरलेला असू शकत नाही. क्रमादित्य हे स्कंदगुप्ताचे बिरुद असल्याने अळतेकरांनी ते एकुलते नाणे त्याचे मानले. कुमारगुप्ताची कारकीर्द इसवी सन ४५५ च्या सुमारास संपली. स्कंदगुप्ताच्या राज्यारोहणाचा काळ धामधुमीचा होता. हूणांशी झालेल्या त्याच्या संघर्षाचा उल्लेख भितरीच्या स्तंभलेखात आहे. नव्या राजाचे एकच नाणे हंड्यात असणे याचा अर्थ त्याची नाणी नुकतीच चलनात येऊ लागली असताना कोणीतरी भयाने आपले सर्वस्व जमिनीत दडविले, आणि ते काढावयास तो परत आला नाही. पुढे काही विद्वानांनी हे नाणे घटोत्कचगुप्त या दुसऱ्याच राजपुरुषाचे असावे असे मत मांडले, आणि वाद अजून मिटलेला नाही. परंतु वाद घालावयास ते नाणे शिल्लक आहे, हे महत्त्वाचे.

समजा, सोनाराच्या मुशीत गेलेल्या पावणेतीनशे नाण्यांत तेही असते तर? हा सबंध संचय कुमारगुप्ताच्या राजवटीत पुरला गेला असे आपण निःशंकपणे लिहिले असते, आणि ते कोणाला खोडूनही काढता आले नसते. अठराशे एकवीस नाण्यांची साक्ष एका नाण्याने बदलते. आणि उलट बाजूने पाहता, जी पावणेतीनशे गेली त्यांत नव्या राजाची आणखी किती होती, की एखाद्या सर्वस्वी अज्ञात राजाचे एखादे होते, हे आता कधीच कळणार नाही.

ही केवळ कल्पनेची भरारी नव्हे. याच हंड्यातून तोवर कोणी न पाहिलेले नाण्यांचे प्रकार बाहेर आले. कुमारगुप्ताच्या एका नाण्यावर राजा घोड्यावर बसून गेंड्यावर तलवार उगारतो आहे. संस्कृतात ‘खड्ग’ म्हणजे तलवार आणि गेंडाही. टाकसाळीतील कोण्या रसिकाने नाण्यावरील मजकुरात या श्लेषाचा नेमका उपयोग करून घेतला. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या ‘चक्रविक्रम’ प्रकाराचे तर संचयात एकच नाणे होते. त्यावर प्रभामंडळात उभा असलेला देव राजाला प्रसाद देताना दिसतो. वजनाच्या काट्यावर या नाण्याची किंमत शेजारच्या नाण्याइतकीच, म्हणजे साधारण आठ ग्रॅम सोन्याची. ज्ञानाच्या काट्यावर ते अमोल. सोनाराकडे एकच काटा असतो. प्रश्न असा की, सरकारकडे किती असतात?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी त्या हंड्याचे तत्कालीन मोल काय होते ते पाहू. गुप्तकाळात दैनंदिन बाजारहाट सोन्याच्या नाण्यांत होत नसे. चिनी यात्रेकरू फाहियानने कवड्यांच्या वापराची नोंद केली आहे. ‘दीनार’ हे मोठ्या व्यवहारांचे नाणे होते. बंगालमधील दामोदरपूर येथे सापडलेल्या कुमारगुप्तकालीन ताम्रपटात पडीक जमिनीचा भाव एका कुल्यवापास, म्हणजे एक कुल्य बियाणे पेरता येईल एवढ्या क्षेत्रास, तीन दीनार असा दिला आहे. प्रदेश वेगळा असला तरी मापासाठी हा दर धरला, तर हुल्लनपुऱ्याच्या हंड्यात सातशे कुल्यवाप जमिनीचे मोल होते. ही कोणा शेतकऱ्याची पुंजी नव्हती. मोठा सार्थवाह असेल, राजाचा अधिकारी असेल, किंवा एखादा सरकारी खजिनाच घाईघाईने लपविला गेला असेल.

दामोदरपूरच्या ताम्रपटांतील आणखी एक तपशील मला व्यवसायबंधू म्हणून मोहवितो. जमिनीची विक्री मंजूर होण्यापूर्वी ‘पुस्तपाल’ नावाचे दप्तरदार आपली कागदपत्रे तपासून अहवाल देत, आणि मगच अधिकरण निर्णय घेई. पंधराशे वर्षांपूर्वीच्या जिल्हा कचेरीतही नोंदीशिवाय पान हलत नव्हते.

आता कायद्याविषयी. गुप्तधनाचे काय करावे, यावर आपल्याकडे प्राचीन काळापासून विचार झाला आहे. कौटिल्याने खाण, रत्न किंवा निधी यांची वर्दी देणाऱ्यास सहावा हिस्सा सांगितला आहे. वर्दी देणारा राजाचा नोकर असेल तर बारावा. याज्ञवल्क्यानेही निधी सापडल्याचे न कळविणाऱ्यास दंड सांगितला आहे. म्हणजे वर्दीचे बक्षीस आणि लपविण्याची शिक्षा, ही जोडी जुनीच आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ साली निखात निधीचा कायदा आला. स्वतंत्र भारताने तोच पुढे चालविला. दहा रुपयांहून अधिक मोलाचे काहीही जमिनीत दडलेले सापडले, की शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावयाचे, आणि वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावयाची किंवा तशी हमी द्यावयाची. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतो. दावेदारांना हजर राहण्यासाठी चार ते सहा महिन्यांची मुदत असते. शंभर वर्षांच्या आत कोणी पुरलेले नाही आणि मालक कोणी नाही असे ठरले, तर शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश आणि जमीनमालकास एक चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारला ती वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश एवढी रक्कम देऊन ती घेता येते. न कळविल्यास वाटा जप्त आणि एक वर्षापर्यंत कैद.

कागदावर हा कायदा कौटिल्याहून उदार आहे. पण थोडे गणित करू. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या एका मजुरास शंभर रुपये मोलाचे सोने सापडले असे धरा. सरकारने ते घेतले तर एकशे वीस रुपये मिळणार. त्यांतील तीन चतुर्थांश मजुराचे, म्हणजे नव्वद. ते नव्वदही चौकशी, पंचनामा, सूचना, मुदत, हरकती एवढे सारे पार पडल्यानंतर. तेवढ्यात गावभर बोभाटा, पोलिसांचे हेलपाटे आणि कचेरीतल्या बाकावर बुडालेली मजुरी. दुसरीकडे सोनार त्याच संध्याकाळी, काहीही न विचारता, साठ-सत्तर हातावर ठेवतो. ज्याच्या घरी उद्याच्या पिठाची भ्रांत आहे, त्याच्या दृष्टीने सहा महिन्यांनंतरच्या नव्वदांपेक्षा आजचे साठ मोठे असतात. यात लोभापेक्षा हिशेब अधिक आहे, आणि तो हिशेब त्याच्यासाठी आम्हीच मांडून ठेवला आहे. नाण्याचे ज्ञानमूल्य या समीकरणात कोठेच नाही. कायद्याने मोजले ते सोन्याचे वजन, आणि ज्ञानासाठी वर ठेवला तो सरसकट पाचवा हिस्सा. गेंड्याच्या नाण्यासही तोच आणि शेकड्यांनी मिळणाऱ्या नाण्यासही तोच.

सुशिक्षितांनी याहून बरे वागून दाखविले आहे असेही नाही. १७८३ साली कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी, कालीघाटाला, गुप्तांच्या सुवर्णनाण्यांचे असेच एक भांडे सापडले. नाणी वॉरन हेस्टिंग्जच्या हाती आली आणि त्याने ती मोठ्या अभिमानाने लंडनला कंपनीच्या संचालकांकडे पाठविली. काही संग्रहालयांना दिली गेली. उरलेल्यांपैकी बरीचशी वितळविली गेली असे मानले जाते. हुल्लनपुऱ्याच्या गावकऱ्यांना निदान गरिबीचे कारण होते.

याउलट इंग्लंडमधील हॉक्सन येथील १९९२ सालचे उदाहरण पाहा. शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा धातुशोधकाने शोधणाऱ्या एका निवृत्त माळ्याला रोमन काळातील खजिना लागला. थोडे उकरताच त्याने हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळविले. पुरातत्त्वज्ञांनी येऊन सारे जागच्या जागी टिपून घेतले. सुमारे पंधरा हजार नाणी आणि दागिने कोणत्या थरात, कोणत्या पेटीत, कशा क्रमाने ठेवले होते ते त्यामुळे कळले. त्या गृहस्थास बाजारभावाने ठरविलेले साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, तोही आता संग्रहालयात आहे. तेथील माणसे आपल्याहून सज्जन आहेत असा निष्कर्ष मी काढणार नाही. खरे सांगणे तेथे तोट्याचे नव्हते, एवढेच म्हणेन.

आता माझी चूक. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस लेखापरीक्षणाच्या कामानिमित्त मी एका राज्यातील एका जिल्हा कोषागाराच्या तपासणीस गेलो होतो. दुहेरी कुलपाची खोली उघडली. मुद्रांक मोजले, रोख पेट्या पाहिल्या. एका कोनाड्यात लाखेच्या शिक्क्यांचे, कापडात शिवलेले एक लहानसे पुडके होते. नोंदवहीत त्याच्यापुढे लिहिले होते : ‘निखात निधी, पुडके एक, मोहोरबंद.’ नाणी किती, कोणत्या धातूची, कोणत्या गावची, कोणाच्या शेतातली – काही नाही. नोंदीचे साल मात्र माझ्या जन्माच्या आधीचे होते. त्याखाली वर्षानुवर्षे एकेका अधिकाऱ्याने लिहिलेले : ‘शिक्के शाबूत.’ कितीतरी सह्या. कोषागार अधिकारी नम्रपणे म्हणाले, “साहेब, हे नेहमीचेच आहे. कोणी उघडत नाही.” मी शिक्के पाहिले. शाबूत होते. मी त्या सह्यांखाली माझी सही केली आणि जेवणाची वेळ झाली म्हणून बाहेर पडलो.

नियमाप्रमाणे मी चूक केली नव्हती. कोषागाराची जबाबदारी पुडके सांभाळण्याची, माझी जबाबदारी ते सांभाळले गेले की नाही हे पाहण्याची. आत काय आहे हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. पुढे बदली होऊन दिल्लीस आलो. एका रविवारी राष्ट्रीय संग्रहालयात बयान्याच्या संचयातील नाणी पाहिली, मग ग्रंथालयात अळतेकरांची सूची मागवून वाचली, आणि त्या शेवटच्या एका नाण्यापाशी येऊन थबकलो. तेव्हा मला ते कापडाचे पुडके आठवले. कोणी एका खेडुताने, सोनाराचा मोह टाळून, कायद्याला मान देऊन ती नाणी सरकारच्या स्वाधीन केली होती. आणि सरकारने काय केले? त्याने ती जमिनीतून काढली, आम्ही ती पुन्हा पुरली. फरक एवढाच की, आमच्या जमिनीला दुहेरी कुलूप होते.

त्या जिल्ह्यास मी मागाहून पत्र लिहिले. पुडके पुरातत्त्व विभागाच्या अधिकाऱ्यासमोर उघडून नाण्यांची यादी करावी, असे सुचविले. उत्तर आले नाही. दुसरे पत्र लिहिले. मग माझे खाते बदलले. पत्राऐवजी एक लेखापरीक्षण परिच्छेद लिहिला असता, तर उत्तर द्यावेच लागले असते. तो लिहिण्याची संधी मी सहीबरोबर घालवून बसलो होतो.

तरुण अधिकारी कधीमधी मला विचारतात की, इतिहासाचे वाचन प्रशासनात कशास उपयोगी पडते. मी त्यांना बयान्याची गोष्ट सांगतो. हंडा मुलांना सापडला, हे नशीब. पण १८२१ नाणी वाचली ती कोण्या नामवंत विद्वानामुळे नव्हे; विद्वान नंतर आला. ती वाचली, कारण संस्थानच्या कोण्या अज्ञात अंमलदारांनी घरोघर जाऊन ती गोळा केली, मोजली आणि मोजदाद जपली. अळतेकरांच्या हाती मोहोरबंद पुडके आले असते आणि ते उघडण्यास कोणाची परवानगी नसती, तर गुप्तकाळाच्या इतिहासातील काही पाने आजही कोरीच राहिली असती. कायद्यातील बक्षिसाचा दर बदलणे संसदेच्या हाती आहे आणि तो बदलावा असे माझे मत आहे. परंतु वर्दी देणाऱ्याला त्याच दिवशी पावती देणे, त्याचा मोबदला रखडू न देणे, नाणी मोजून, तोलून, छायाचित्रासह नोंदविणे आणि जाणकाराला बोलावणे, यांस कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही. वहीत एक ओळ अधिक लिहावयाची, एवढेच.

गेल्या हिवाळ्यात मुंबईस जाताना गाडी सिग्नलसाठी बयान्याच्या अलीकडे काही मिनिटे थांबली. संध्याकाळ होती. रुळांपलीकडच्या शेतात मोहरी फुलली होती आणि दोन मुले बांधावर वाकून काहीतरी वेचत होती. काय वेचत होती ते दिसले नाही. गाडी सुटली. माझ्या मनात आले, की यांना आज पुन्हा काही सापडले आणि ही मुले धावत कोणाकडे गेली, तर तो मनुष्य कोण असेल, आणि त्यांना तो काय विचारील : ‘किती तोळे?’, की ‘कोठे सापडले, बाळांनो?’